चुलीपाशी पाठमोरी

माझे बाबा आयुष्यभर मेलेल्या माणसांची चित्रं काढत आले. इथे जर्मनीत, कार्ल्सरूहेत, कुणी विचारलं की मी "पोर्ट्रेट पेंटर" एवढंच सांगून मोकळी होते, पण खरी गोष्ट ही. सांगलीजवळच्या आमच्या गावात घराच्याच पुढच्या खोलीत त्यांचं दुकान होतं. बाहेर पाटी: 'फोटोवरून ऑइल पेंटिंग करून मिळेल.' घरातलं माणूस गेलं, दिवसकार्य उरकलं, की मुलगे फोटो घेऊन यायचे. फोटो म्हणजे काय, तर कुणाच्या तरी लग्नातली गर्दी आणि तिसऱ्या रांगेत सुपारीएवढं डोकं. बाबा भिंगातून ते डोकं निरखत, त्यावर पेन्सिलीने बारीक चौकोन पाडत, कॅनव्हासवर तसेच मोठे चौकोन पाडत आणि एकेका चौकोनातून माणूस उतरवत.

चेहरा फोटोतला आणि मानेखालचं सगळं बाबांच्या पदरचं. त्यांच्याकडे धडं तयार असायची. एक कोट-टायचं, एक उपरण्याचं, एक नऊवारीचं, एक सहावारीचं. मागे निळा पडदा, शेजारी टेबल, टेबलावर फुलदाणी. जन्मभर बंडीवर काढलेला माणूस मेल्यावर कोट घालून भिंतीवर चढायचा आणि घरचे म्हणायचे, "अण्णांना कोट काय शोभतो हो." ज्या बाईला नवऱ्याने फुटका मणी दिला नाही, तिला बाबा न मागता मोत्याची नथ घालायचे. नजर मात्र नेहमी समोर. खोलीत कुठेही उभं राहिलं तरी आपल्याकडे बघतंय असं वाटलं पाहिजे, हा त्यांचा नियम होता. सही त्यांनी एकाही चित्रावर केली नाही. "उदबत्ती त्यांच्या आईला ओवाळायची आहे, मला नव्हे," म्हणायचे.

गेल्या हिवाळ्यात आई गेली. आणि ज्याने अख्ख्या तालुक्याचे पूर्वज भिंतीला लावले, त्याने स्वतःच्या बायकोचं चित्र काही काढलं नाही. माझ्या धाकट्या भावाने थोडे दिवस वाट पाहिली, मग पुण्याहून आईचा फोटो मोठा करून, फ्रेम करून आणला. बाबांनी तो भिंतीकडे तोंड करून ठेवला. "माझ्या घरात छापलेली बायको नको," एवढंच बोलले. पुढच्या खोलीतली भिंत तशीच रिकामी. येणारा-जाणारा हात जोडायला म्हणून वर बघायचा आणि ओशाळून हात खाली घ्यायचा. शेवटी भावाचा फोन आला. "ताई, तुझं ऐकतात ते. वर्षश्राद्धाच्या आत चित्र लागलं पाहिजे. तूच काढून घे त्यांच्याकडून."

मला हे अवघड वाटलं नाही. मी इथे एका कारखान्यात क्वालिटी बघते. रखडलेल्या माणसांना हलवणं हेच माझं रोजचं काम. बाबांचा तीन महिन्यांचा व्हिसा काढला, त्यांना घेऊन आले, आणि ते जेट लॅगमधून उठायच्या आत स्वयंपाकघराच्या खिडकीपाशी, जिथे उजेड चांगला येतो तिथे, कॅनव्हास ठेवायची घोडी उभी केली. कॅनव्हास आणला, रंग आणले, ब्रश आणले. आईचे होते नव्हते तेवढे फोटो प्रिंट करून शेजारी लावले. माझी बाजू चोख होती.

बाबांनी रंगाची एक ट्यूब उघडली, वास घेतला, "माल चांगला आहे" म्हणाले आणि बूच लावून टाकलं. त्यानंतर ते ट्रामने हिंडायला लागले. तिकीट महिन्याचं काढून दिलं होतं, तेव्हा कुठल्याही ट्राममध्ये बसायचे, शेवटच्या थांब्यापर्यंत जायचे आणि तिनेच परत यायचे. शेजारच्या म्हाताऱ्या बाईशी जिन्यात "या, या", म्हणजे "हो, हो", करत गप्पा मारायचे. तिला मराठी येत नाही आणि यांना जर्मन येत नाही, तरी दोघं खूश. संध्याकाळी मी घरी आले की आधी घोडीकडे बघायची. कॅनव्हास पांढराफेक.

"बाबा, घोडं कुठे अडलंय?"

"फोटो नीट नाही."

"इतके आहेत की."

"एकही ती नाही."

मी चिडले. लग्नाच्या गर्दीतलं सुपारीएवढं डोकं चालत होतं आणि इथे आधार कार्डापासून भावाच्या लग्नातल्या अल्बमपर्यंत सगळं मांडलेलं असताना नखरे? माझा नवरा आठवडाभर हेर्त्सोगेनआउराखला नोकरीच्या गावी असतो आणि शुक्रवारी घरी येतो. त्याने मला बाजूला घेऊन सांगितलं, "अगं, ते शोक करतायत, तू डेडलाइन काय लावतेस?" मला ते पटलं नाही. शोक सगळेच करत होतो. मी रोज ऑफिसच्या बाथरूममध्ये रडून डोळे धुऊन मीटिंगला जात होते. पण काम थांबवलं नव्हतं.

व्हिसा निम्मा सरला तेव्हा मी दुसरी युक्ती काढली. ट्रेनने तासाभरावर एका लहान शहरात चित्रांचं छोटं म्युझियम आहे. मनात म्हटलं, दुसऱ्याचं काम बघितलं की कारागिराचे हात शिवशिवतात. शनिवारी बाबांना घेऊन गेले.

पहिल्या दोन दालनांत बाबा हात मागे बांधून, आजारी नातेवाइकाला बघायला आल्याच्या चेहऱ्याने फिरले. तिसऱ्यात एका लाकडी फळीवरच्या चित्रासमोर थांबले आणि पुढे सरकेनात. बाळंतिणीची खोली होती. पलंगावर लाल पांघरूण, त्यात बसलेली आई, डोक्यामागे सोन्याचं वलय. पुढे दोन बायका परातीत बाळाला न्हाऊ घालतायत. खिडकीतून मागे एक गाव दिसतं, उंच उतरती छपरं, कालवा, कालव्यात ठिपक्याएवढा हंस. खोलीच्या अगदी मागे चुलीपाशी एक बाई पाठमोरी उभी राहून दुपटं शेकतेय.

शेजारची पाटी मी वाचून दाखवली. मेरीचा, म्हणजे येशूच्या आईचा जन्म. चित्रकार स्पेनचा, पाचशेहून जास्त वर्षांपूर्वीचा, काम फ्लेमिश शैलीतलं, म्हणजे तिकडे बेल्जियमच्या बाजूला जसं काढायचे तसं. आणि नावाच्या जागी: 'उनबेकान्टर माइस्टर'.

"अज्ञात कलाकार," मी म्हटलं. मला वाईट वाटलं त्याचं.

बाबांना अजिबात वाटलं नाही. "गिऱ्हाइकाला ठाऊक होतं ना, कुणी काढलं ते? झालं तर मग." आणि मान पुढे काढून बघायला लागले. "हा माणूस त्या गावाला गेलेला नाही."

"कशावरून?"

"छपरं बघ. बर्फ घसरावं म्हणून केलेली, तुझ्या इथल्यासारखी. आणि भिंतीवरचं ऊन बघ. आपल्याकडं मे महिन्यात दुपारी अंगणात पडतं तसलं. ऊन त्याच्या घरचं आहे, गाव उसनं आणलंय." मग माझ्याकडे वळून हसले. किती दिवसांनी हसले होते. "अगं, कोट घातलाय त्यानं सगळ्यांना."

मला कळायला एक क्षण लागला. मग मीही हसले. स्पेनच्या लोकांना तेव्हा उत्तरेकडचं सगळं भारी वाटत असणार. पलंग तिकडचा, खिडकी तिकडची, खिडकीबाहेरचं गावसुद्धा तिकडचं हवं. याने तयार धडं काढून ठेवली असणार आणि गिऱ्हाईक आलं की त्यावर डोकी बसवली असणार.

बाबा दाखवण्याच्या भरात इतके पुढे वाकले की भिंतीतून भोंगा वाजला. पलीकडच्या दारातून एक बाई आल्या. त्या तिथल्या रेस्टाउराटोरिन निघाल्या, म्हणजे जुनी चित्रं साफ करून दुरुस्त करणाऱ्या. मी माफी मागितली आणि माझे वडीलही चित्रकार आहेत असं सांगितलं. त्यांनी बाबांशी हात मिळवला आणि रागावायचं सोडून बोलायलाच लागल्या. मी मधे उभी राहून इकडचं तिकडे करत होते. बाबांचा कोटाचा सिद्धान्त त्यांना फार आवडला. "गेनाऊ, अगदी बरोबर," त्या म्हणाल्या. फ्लेमिश चित्रांवरून केलेले नमुने चित्रकारांच्या कारखान्या-कारखान्यांतून फिरायचे. या चित्रातला पलंग, परात, खिडकी, इतकंच काय, दोन्ही बायकांचे चेहरेसुद्धा इतर चित्रांत सापडतात.

बाबांना हुरूप आला. "आणि हे सोनं पावडरीचं आहे म्हणावं. आम्ही पण वार्निशात कालवून लावतो."

मी भाषांतर केलं. बाईंनी शांतपणे मान हलवली. नाही, हा खरा वर्ख आहे. उत्तरेकडचे चित्रकार पिवळ्या रंगातूनच सोनं दाखवायचे, त्यात त्यांची हुशारी होती. पण याच्या गिऱ्हाइकांना देवाच्या आजीलाही खरंच सोनं लागायचं.

बाबा जरा वरमले, पण लगेच सावरले. "मग गिऱ्हाईक आपल्यासारखंच होतं," म्हणाले. आणि बोट चित्राच्या मागच्या भागाकडे केलं, या वेळी लांबूनच. "यांना विचार, ही कुठून घेतली?"

चुलीपाशी उभी असलेली, दुपटं शेकणारी बाई.

"तर असं आहे," त्या म्हणाल्या, "हिचा नमुना आम्हाला अजून कुठे मिळालेला नाही. पण त्यावरून काही सिद्ध होत नाही. हरवलाही असेल." त्यांना कुणी हाक मारली, त्या पुन्हा भेटू म्हणून गेल्या.

बाबा ऐकत नव्हतेच. "ही बघून काढलीय," ते हळू म्हणाले. "एका पायावर भार बघ. टाच चपलेतून बाहेर आलीय. सकाळपासून उभी आहे ती. कमरेची गाठ सरकून बाजूला गेलीय आणि तिला नीट करायला सवड नाही. डावा खांदा उतरलाय. पोरं त्याच कडेवर घेत असणार. चेहरा उसना मिळतो. पाठ कोण विकतं?"

मधोमध एक बाक होता, त्यावर ते बसले. मी शेजारी बसले. मला वाटलं, आता हात शिवशिवले. विषय काढायला हीच वेळ. म्हटलं, "मग घरी जाऊन सुरू करूया?"

बाबा चित्राकडेच बघत म्हणाले, "मला तिचा चेहरा येत नाही."

"म्हणजे?"

"डोळे मिटले की फोटो येतो. लग्नातला येतो, आधार कार्डावरचा येतो. ती येत नाही. लोकांच्या आया भिंगातून बघितल्या मी, भुवईचा केस न् केस. हिच्याकडं असं समोर बसून कधी बघितलंच नाही. कशाला बघायचं, आहेच की घरात, असं वाटायचं. आता तिच्या धडावर तिचंच डोकं बसवता येईना. नाक कसं होतं तिचं? सांग तू."

मला राग आला. आईच्या वतीने राग आला. जिने याच्या ब्रशांचं टर्पेंटाइन हातांना लागून कातडी सोलवटून घेतली, गिऱ्हाइकांना चहा करता करता म्हातारी झाली, तिचं नाक याला आठवत नाही. मी ते तसंच बोलले. आवाज चढला असावा, कारण समोरचं जोडपं दुसऱ्या दालनात निघून गेलं.

"मग इतकी वर्षं बघितलं काय तुम्ही?"

"पाठ बघितली," बाबा म्हणाले. "माझं टेबल कुठं होतं? स्वयंपाकघराच्या दारासमोर. मान वर केली की ती ओट्यापाशी. दिवसभर तीच दिसायची. पाठमोरी."

मी उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि नाकाचं सांगायला म्हणून डोळ्यांपुढे आईला आणायला गेले. शाळेतून आलेय, दप्तर टाकलंय, भूक लागलीय म्हणून ओरडतेय. आई ओट्यापाशी. "हातपाय धू आधी," ती म्हणतेय, न वळता. पुढे कॉलेजातून आलेय, जर्मनीचं ॲडमिशन झाल्याचं सांगतेय. "मग थंडीचे कपडे लागतील," न वळता, आणि झाऱ्या हातात तसाच धरून थांबलेली. वळली नव्हती ती, कारण रडत होती. हे मला तेव्हाही कळलं होतं. माझ्याकडेसुद्धा पाठच होती. रागावले होते बाबांवर, आणि निघाले मीही त्यांच्याच रांगेतली.

आम्ही परतीची ट्रेन पकडली. मला काही सुचत नव्हतं, आणि असं माझं सहसा होत नाही.

दुसऱ्या दिवशी रविवार. सकाळी उठून बघते तर बाबा घोडीपाशी उभे. फोटो सगळे उचलून टेबलावर पालथे घातलेले. कॅनव्हासवर चौकोन नव्हते. चौकोनांशिवाय बाबांना काम करताना मी आयुष्यात पहिल्यांदा बघत होते. कोळशाने एक रेघ मारायचे, मागे जाऊन बघायचे, फडक्याने पुसायचे.

"शेगडीपाशी उभी राहा जरा," मला म्हणाले. "उजेड कसा पडतो ते बघायचंय."

मी राहिले. थोड्या वेळाने म्हणाले, "जा तू. तुला उभं राहता येत नाही. उभी असतेस तेव्हापण कुठंतरी निघालेली असतेस."

माझा नवरा भाजी चिरता चिरता फस्सकन हसला. मी त्याच्याकडे रागाने बघितलं, पण खोटं कशाला बोलू, बरं वाटलं.

आठवडाभर ट्राम बंद. घरात तेलाचा आणि टर्पेंटाइनचा वास. मी खिडक्या उघडायची, बाबा बंद करायचे, धूळ येते म्हणून. काय चाललंय ते बघू द्यायचे नाहीत. मी आले की कॅनव्हास भिंतीकडे. फक्त अधूनमधून मला अचानक प्रश्न यायचे, ऑफिसात फोनवरसुद्धा. पदर कुठल्या बाजूला खोचायची? अंबाड्यातून सुटलेली बट मानेवर कुठपर्यंत यायची? मी मीटिंगमधून बाहेर येऊन उत्तरं देत होते आणि गंमत म्हणजे मला सगळं येत होतं. ब्लाउजच्या पाठीला घामाचा डाग कुठून सुरू व्हायचा, कोपराला कुठे भाजल्याचा व्रण होता, सगळं. नाकाचं त्यांनी परत विचारलं नाही.

शुक्रवारी मी जरा लवकर घरी आले. कॅनव्हास माझ्याकडे तोंड करून होता.

आई पाठमोरी उभी होती. फिकट जांभळं सुती लुगडं, घरात नेसायची ते, पदर कमरेला खोचलेला, उजव्या पायावर भार. एका हाताने कढईचा कान चिमट्यात धरलेला. मान किंचित डावीकडे, कुणाचं तरी ऐकत असल्यासारखी. नथ नाही, पडदा नाही, फुलदाणी नाही. पण ओटा आमच्या गावच्या घरचा नव्हता. ती काचेची सपाट शेगडी माझी होती. खिडकी माझी होती. खिडकीबाहेर समोरच्या इमारतीचं कौलारू छप्पर, खालून गेलेली ट्रामची तार. आणि तिच्या पाठीवर पडलेलं ऊन मात्र इथलं नव्हतं.

आईला माझं घर बघायचं होतं. आधी भावाची बारावी, मग तिचे गुडघे, मग हॉस्पिटल. दरवर्षी मी म्हणायची ये, आणि ती म्हणायची पुढच्या वर्षी नक्की.

मी भावाला व्हिडिओ कॉल लावला, कारण एकटीने बघणं मला झेपेना. फोन चित्रासमोर धरला. "चेहरा नाही?" तो आधी म्हणाला. मग म्हणाला, "आणि हार कुठे घालायचा हिला? काका-काकू येतील, काय म्हणतील?" बाबा मागून म्हणाले, "हार नको. हीच लागेल भिंतीला, पटत नसेल त्यांनी बघू नये." मला वाटलं रेंज गेली. मग त्याचा आवाज आला, लहानपणी तापात यायचा तसा. "ताई, फोन जरा जवळ ने ना." मी नेला. तो बघत राहिला. नंतर "ठेवतो" म्हणाला.

बाबा सिंकपाशी ब्रश धूत होते. मी चित्रासमोर उभीच. इतके दिवस आवरून धरलेलं सगळं आता आवरेना. रडत रडत, लहान मुलीसारखा हट्ट धरून मी म्हटलं, "बाबा, एकदा वळायला सांगा ना तिला."

बाबांनी नळ बंद केला. माझ्या शेजारी येऊन उभे राहिले आणि तिच्याकडे बघत म्हणाले, "नाही ऐकायची. हातातलं झाल्याशिवाय कधी वळलीय का ती?"